राखेखालचा नाला

राजदीपनं सह्यांचे कागद खाटेवर पसरले आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वहिनीच्या मांडणीवरच्या चार वाट्या आणून चार कोपऱ्यांवर ठेवल्या. रविवार होता. सकाळचे दहाच वाजले होते, पण मे महिन्यातलं ते ऊन, टिनाखाली बसणाऱ्याचं डोकं शिजून निघत होतं. वस्तीतल्या बत्तीस घरांपैकी एकतीस घरांच्या सह्या झाल्या होत्या. बत्तिसावी जागा सगळ्यांत वर मुद्दाम रिकामी ठेवली होती आणि तिच्यापुढं राजदीपनं आपल्या वळणदार अक्षरात लिहूनही टाकलं होतं: धम्मरत्न उकंडा नगराळे, वय एकोणपन्नास, जन्मापासूनचा रहिवासी.

उद्या संध्याकाळी पाचला नगरपालिका हरकती घेणं बंद करणार होती. धम्मरत्नानं सही केली की बत्तीस घरं वाचणार होती, असं त्याचा धाकटा भाऊ राजदीप म्हणत होता आणि सगळी वस्ती म्हणत होती. धम्मरत्न काहीच म्हणत नव्हता.

आता ही हरकत कोणावर, तर घरच्याच पोरीवर. हसू नका, असं होतं. मैत्रेयी ही धम्मरत्नाची एकुलती एक लेक. नागपूरला जाऊन घरं बांधायचं शिकली, पुण्याला जाऊन गावं बांधायचं शिकली, आणि नगरपालिकेनं गावाचा नवा विकास आराखडा करायला घेतला तेव्हा कंत्राटावर आपल्याच गावी कामाला आली. वस्तीनं तिला विहारात बोलावून शाल दिली, फुलं दिली. चार महिन्यांनी तिचा नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर लागला आणि ज्या बायांनी फुलं दिली होती त्यांनी तिच्या आईशी नळावर बोलणं सोडलं.

बरं, पोरीचं म्हणणं वेडगळ असतं तर प्रश्नच मिटला असता. तसं ते नव्हतं, हीच तर पंचाईत. या गावाला उन्हाळ्यात आठ दिवसांनी टँकर आणि पावसाळ्यात कमरेइतकं पाणी. मैत्रेयी म्हणे, आपण पाण्याला गावातून हाकलून लावतो म्हणून ते घरात शिरतं आणि मग वर्षभर तोंड दाखवत नाही. त्याची जुनी वाट त्याला परत द्या. नाल्याच्या दोन्ही अंगांना तीस-तीस फूट काही बांधू नका, झाडं लावा, गवत राहू द्या, पायवाट करा. पाणी मुरलं की विहिरी जगतील. आणि ज्यांची घरं त्या पट्ट्यात येतात त्यांना बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या आवारात जागा द्या.

जिनिंगचं आवार अकरा एकराचं. कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी बुडाली, भाव बसला, बैलबंड्या येईनात, तेव्हा मालकानं चिमणी थंड करून फाटकाला कुलूप घातलं, त्याला दोन वर्षं झाली होती. मैत्रेयीच्या नकाशात त्याच आवारात एकमेकांना पाठ लावून उभी असलेली घरं होती, दारं वाऱ्याच्या तोंडाला. छपरांवरचं पावसाचं पाणी आग विझवायला बांधलेल्या जुन्या हौदात जायचं, कापसाच्या ओट्यांवर भाजीबाजार भरायचा, आणि शाळा, दवाखाना, एसटी स्टँड सगळं पायी जाता येईल इतक्या अंतरावर. धम्मरत्नानं त्या आवारात पंचवीस वर्षं गाठी दाबायच्या प्रेसवर फिटर म्हणून पाने फिरवले होते. नकाशा पाहायला तो एकटाच गेला होता आणि बराच वेळ तिथं उभा राहिला होता. त्याला तो आवडला होता. हे त्यानं घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

घोडं अडलं होतं एका घडीपाशी. नाल्याचा जुना सरकारी नकाशा कापडावर चिकटवलेला होता आणि नेमका वस्तीजवळच्या वळणाचा तुकडा घडीवर झिजून गेला होता. पूर्वी नाला तिथं डावीकडून, म्हणजे नगराळ्यांच्या वस्तीखालून जायचा, की उजवीकडून, मोमीनपुऱ्याच्या कडेनं, जिथून तो आज वाहतो? मैत्रेयीनं जमिनीचे चढउतार मोजून डावीकडं टिंबांची रेघ ओढली होती आणि वर लिहिलं होतं, खात्री करणे. डावीकडची रेघ पक्की झाली तर वस्तीची बत्तीस घरं जाणार, उजवीकडची झाली तर मोमीनपुऱ्याची एकोणीस. मुख्याधिकाऱ्यांनी सांगून टाकलं होतं की जुन्या माणसाचा जबाब घ्या, तो सांगेल ते धरू.

आणि आठवण शाबूत असलेला जुना माणूस एकच उरला होता, धम्मरत्न.

धम्मरत्नाचा बाप उकंडा जिनिंगच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. धम्मदीक्षेनंतर दहा वर्षांनी चौदा घरांनी ठरवलं की गावकुसाबाहेरची ती जुनी जागा सोडायची. पण गावात जागा देतो कोण? मग त्यांनी नाल्याचं वळण धरलं आणि जमीन स्वतःच तयार केली. दर रविवारी वंदना झाली की दर घरी दहा टोपली: बॉयलरची राख, जळका कोळसा, कापसाच्या गाठी बांधायच्या तुटक्या लोखंडी पट्ट्या. चार वर्षं हे चाललं. टाकता टाकता नाला पलीकडं सरकला. नऊ-दहा वर्षांच्या धम्मरत्नाच्या डोक्यावर लहान टोपलं असायचं आणि राख डोळ्यांत जाऊन डोळे चुरचुरायचे. पुढं तहसीलकडून जागेचे पट्टे मिळायची वेळ आली तेव्हा उकंडानं पोराचा कान धरून सांगितलं, "ही जागा पयलेपासून कोरडी होती. समजलं?" पोराला समजलं. त्यानंतर बाप मेला, टोपली उचलणारे एकेक करून गेले, आणि धम्मरत्नानं ते समजलेलं तसंच पस्तीस वर्षं पोटात ठेवलं.

राजदीप तेव्हा पाळण्यात. आपली वस्ती पिढीजात कोरड्या जमिनीवर उभी आहे असंच त्याला ठाऊक. म्हणून तो खोटं बोलत नव्हता, आणि खरं बोलणाऱ्या माणसाच्या जोरानं बोलत होता. त्यानं सांगितलं की पोरीचं शिक्षण मोठं आहे, मान्य आहे, पण पुण्याच्या पुस्तकात आपला नाला कुठून येणार? त्यानं सांगितलं की जिनिंगचा मालक नागपूरला बसला आहे, तो अकरा एकर सोडेल तेव्हा सोडेल. कागदावरच्या घरात काय कागदाची भाकर थापायची?

"बरोबर बोलून राह्यले भाऊजी," धम्मरत्नाची बायको मथुराबाई म्हणाली.

हे ऐकून उर्वशीनं मान वर केली. उर्वशी राजदीपची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. दोन वर्षांमागं चुली वेगळ्या झाल्या तेव्हापासून मथुराबाई दिराशी कामापुरतंही बोलत नव्हती. सणावाराला वाटी पाठवायची ती पोरांच्या हातून. ती आज त्याच्याच खाटेच्या कडेवर बसून त्याच्याच बाजूनं बोलत होती. घर जायची वेळ आली की माणसं अशी खांदे बदलतात. आणि उर्वशी, जिचं जावेशी कधी पटलं असेल तर शपथ, ती नवऱ्यापासून चार हात दूर दारात बसून पुतणीचीच बाजू घेत होती. ती म्हणाली, सात वर्षं झाली मी शाळेआधी टँकरमागं पळते, पोरांना गणित शिकवताना माझ्या खांद्याला कळा येतात. कोणीतरी एकदाचा या गावाचा विचार केला तर आपण तिच्यावर सह्या गोळा करायच्या?

"तुह्यं काय जाते बाई," मथुराबाई म्हणाली. "तुमची नोकरी हाय, तुमी कुठीबी राहासान. या भिंती म्या सारवल्या. पोरीनं शिकावं म्हणून म्या जिनिंगमधी दिवसदिवस रुई निवडली, नाकातोंडात रुई गेली. अन् ते शिकून आली त पयले माह्यंच घर पुसाले निंगाली."

ती हे मोठ्यानं बोलली नाही. आतल्या खोलीत मैत्रेयी होती, तिला ऐकू जाणार होतंच. तीन दिवस मथुराबाईच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

उर्वशीनं मग विचारलं की आपली घरं वाचली, बरं, पण मोमीनपुऱ्याच्या एकोणीस घरांचं काय?

राजदीपनं सरकलेली एक वाटी परत कोपऱ्यावर ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. "त्याइच्याकडे त तसंबी दरसाल पाणी येतेच," तो म्हणाला. "त्याइले सवय हाय."

धम्मरत्न उठला. पाणी आणतो म्हणून आत गेला.

आत मैत्रेयी जमिनीवर बसली होती आणि तिच्यासमोर पारदर्शक कागदाची गुंडाळी उलगडलेली होती. बापाला पाहून तिनं ती झाकायचा प्रयत्न केला, मग केला नाही. तो नवा कागद होता. वळणापाशी डावीकडची टिंबांची रेघ नव्हतीच. उजवीकडं, मोमीनपुऱ्याच्या अंगावरून, एक सरळ पक्की निळी रेघ होती.

धम्मरत्नाला आधी समजलं नाही. मग समजलं. तो तिच्याशेजारी खाली बसला.

ती हळू आवाजात सांगत होती. तुम्हाला सही करायची गरज नाही, बाबा. तुम्ही सही केली तर माझ्याविरुद्ध केली असं होईल, नाही केली तर वस्ती तुम्हाला जगू देणार नाही. मीच बदलून देते. माझ्या मोजणीत आपलंच घर येतं, चार वेळा मोजलं, चारही वेळा आलं. पण मोजणी चुकू शकते ना?

"चुकू शकते ना, बाबा?"

पंचवीस वर्षांच्या पोरीनं पाच वर्षांच्या पोरीच्या आवाजात विचारलं होतं. आजवर धम्मरत्नाला वाटायचं की आपण काही बोललो नाही म्हणजे काही केलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बाप म्हणायचा. आता ती मूठ त्याच्या पोरीच्या हातात गेली होती, आणि तिला ठाऊकही नव्हतं की आपण कशावर खोटी रेघ ओढतो आहोत. तिनं आयुष्यात पहिल्यांदा खोटं काम केलं होतं, आणि ते त्याच्यासाठी. तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"धम्माभाऊ, हायस का घरात?"

रहेमान आला होता. नाल्यापलीकडं, मोमीनपुऱ्यात, त्याचं गॅरेज, मागं घर. दोघं एका वर्गात सातवीपर्यंत शिकले, आणि आठवीच्या वयात रहेमानच्या हातात पाना आला तेव्हा धम्मरत्नाच्याही आला. रहेमानची भिंत पावसात तीनदा पडली होती. एका साली त्याच्या बायकोची, रशीदाची, शिलाई मशीन वाहून गेली ती पार खालच्या अंगाला बाभळीत अडकलेली सापडली. दर वेळी रहेमानची पोरंबाळं या घरात झोपायला आली होती आणि मथुराबाईनं रात्रीतून पायलीभर ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या. हे उपकार रहेमान चारचौघांत बोलून दाखवायचा, आणि तो बोलायला लागला की धम्मरत्न काहीतरी निमित्त काढून उठून जायचा. लोकांना वाटायचं, माणूस किती साधा आहे.

राजदीपनं कागद पटकन सारखे केले. रहेमानला त्याचं काही नव्हतं. तो घाम पुसत स्टुलावर बसला, पाणी प्यायला, आणि खिशातून चौघडी घातलेला कागद काढून त्यानं धम्मरत्नाच्या हातात दिला. कागद कोरा होता. फक्त खाली, अगदी तळाशी, एकोणीस सह्या आणि अंगठे होते.

"आमच्या मोहल्ल्यानं सल्ला केला," रहेमान म्हणाला. "तुमच्यावाल्यांशी झगडा नाही करायचा. नाला पयले कुठून होता हे आमाले काय मालूम, माहा बाप त इथी मागून आला. तू इथलाच पैदा झालेला. तुले जे ठाऊक असंन ते वरते लिव. घर गेलं त गेलं, समजू का नशिबातच नाल्याची जागा होती. तू त झूठ नाही लिवनार."

राजदीपच्या तोंडावर आधी सुटकेसारखं काहीतरी आलं. मग त्यानं मोठ्या भावाच्या तोंडाकडं पाहिलं आणि ते गेलं.

धम्मरत्नानं तो कागद खाटेवर ठेवला, वाटीखाली. तो अंगणात गेला. मोरीच्या भिंतीला सब्बल, लोखंडी पहार, टेकवलेली असायची ती त्यानं उचलली आणि मोरीच्या अलीकडं, जिथं मथुराबाई रोज सडा घालायची तिथं, खणायला लागला. बोलून झालं नसतं त्याच्यानं. पस्तीस वर्षं ज्या जिभेनं गप्प राहायची सवय केली ती ऐन वेळी ऐकणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. हातांवर भरवसा होता.

सगळे दारात आले. राजदीपनं दोनदा विचारलं, दादा, काय करून राह्यला? मथुराबाई म्हणाली, उन्हानं डोकं फिरलं का. मैत्रेयी शेवटी आली आणि खड्ड्याकडं पाहत राहिली.

वरची हातभर पिवळी माती होती, मुरूम होता. त्याखाली सब्बल भसकन आत गेली. धम्मरत्न गुडघ्यांवर बसून हातांनी उपसायला लागला. काळी-करडी राख निघाली, ओलसर, मे महिन्यात ओलसर. जळक्या कोळशाचे खडे निघाले. मग गंजानं खाल्लेली, बोटभर रुंदीची लोखंडी पट्टी निघाली आणि ओढता ओढता मधेच तुटली.

मथुराबाई खाली वाकली. तिनं ती पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि ओळखली. जिनिंगमध्ये एक दिवस जरी काम केलेलं असलं तरी गाठीची पट्टी ओळखायला दुसरं कोणी लागत नाही.

"नाला इथी होता," धम्मरत्न म्हणाला. "आमी बुजवला. बाबांनी, सगळ्यांनी. म्या सोता टोपली टाकली. अन् तो तुह्याकडे सरकला, रहेमान."

राजदीप ओट्यावर बसला. त्यानं एवढंच विचारलं की बाबांनी? धम्मरत्न म्हणाला, हो. मग राजदीप आपल्या तळहातांकडं पाहत म्हणाला, "दादा, बत्तीस घरं हायत. पोरंबाळं हायत. त्याइले काय सांगू मी?" त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, भीती होती. उद्या सकाळी हीच वस्ती या दारात येणार होती, आणि ज्यांनी मथुराबाईशी नुसतं बोलणं सोडलं होतं ते आता काय काय सोडतील याचा धम्मरत्नालाही अंदाज नव्हता. त्याचे हात राखेनं कोपरापर्यंत काळे झाले होते.

रहेमान खड्ड्याच्या कडेला उभा होता. "माहा बाप मरेपर्यंत म्हणे, या नाल्याचं आपल्याशी काय वैर हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुले ठाऊक होतं. अन् तू दरसाल भाकरी घेऊन येत होता."

धम्मरत्नानं माफी मागायला तोंड उघडलं, तर रहेमान आत गेला, वाटीखालून आपला कोरा कागद काढून त्यानं चौघडी घातली आणि खिशात ठेवला. उर्वशीनं चहाचं विचारलं. नको म्हणाला. पण गेलाही नाही. अंगणाच्या फाटकाला पाठ लावून, हाताची घडी घालून उभा राहिला. आता जे होईल ते आपल्या डोळ्यांनी पाहूनच तो जाणार होता, आणि ते त्याचं चुकीचं नव्हतं.

मैत्रेयी आत जाऊन नगरपालिकेचा जबाबाचा छापील फॉर्म घेऊन आली. येताना तिनं तो पारदर्शक कागद चुलीत घातला असावा, कारण आतून करपल्याचा वास आला. ती ओट्यावर मांडी घालून बसली आणि कोणत्याही अनोळखी माणसाला विचारावं तसं बापाला विचारायला लागली. पूर्ण नाव. वय. धंदा. इथं कधीपासून राहता. नाल्याचा प्रवाह आपण प्रत्यक्ष पाहिला आहे का. कोणत्या साली, कोणी, कशानं भरला. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. दर रविवारी दर घरी दहा टोपली, हे लिहिताना तिचं पेन थांबलं, पण तिनं वर पाहिलं नाही. बाप सांगत होता आणि तिची चार वेळची मोजणी खरी ठरत होती, आणि त्या खरेपणाचा तिला काडीचा आनंद होत नव्हता.

शेवटचा प्रश्न छापलेला होता. "हा जबाब आपण स्वखुशीनं देत आहात का?"

"खुशीनं नाही," धम्मरत्न म्हणाला. "खरं हाय म्हणून देऊन राह्यलो."

फॉर्मवर हो किंवा नाही एवढीच सोय होती. मैत्रेयीनं दोन्हींवर काट मारली आणि बाजूच्या कोऱ्या जागेत तो बोलला ते बोलला तसं लिहिलं. धम्मरत्नानं सही केली. राखेचं बोट कागदावर उमटलं.

मग ती म्हणाली की एक साक्षीदार लागतो, ज्याला खड्ड्यात निघालेली वस्तू ओळखता येते असा. राजदीपनं मान फिरवली. उर्वशी जिनिंगमध्ये कधी गेली नव्हती. फाटकापाशी रहेमान हलला नाही. अंगणात ऊन भाजत होतं आणि कोणी कोणाकडं पाहत नव्हतं.

"इकडे आण," मथुराबाई म्हणाली.

तिनं पदराला हात पुसले, पण गंज निघाला नाही. तिनं फॉर्म गुडघ्यावर घेतला, आणि पोरीनंच साक्षरता वर्गाच्या वेळी पाटीवर गिरवून घेतलेली आपली सही, एकेक अक्षर जोडत, मान खाली घालून केली. वेळ लागला. सही झाल्यावर तिनं पेनाचं टोपण लावलं आणि पेन मैत्रेयीकडं दिलं.

"आता सांग," ती म्हणाली. "घर कधी सोडायचं? अन् जायचं कुठी?"

मैत्रेयीनं नकाशातलं जिनिंगचं आवार आठवलं, त्याचं फाटक आठवलं, फाटकावरचं कुलूप आठवलं. सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होते. किल्ली अजून नागपूरच्या मालकाकडं होती.